कडकबाईंचा कान

आमच्या रस्त्यावर रागीट माणसांची टंचाई कधीच नव्हती. पण राग धंद्याला लावून वर त्याला धार आणणारी बाई एकच, जिन्याखालची इस्त्रीवाली. तिला सगळे तोंडावर 'कडकबाई' म्हणतात, पाठीमागे नुसतं 'कडक'. हे नाव कपड्यांवरून पडलं की स्वभावावरून, यावर रस्त्यात दोन मतं आहेत. तिने इस्त्री केलेली पँट भिंतीला टेकवून ठेवली तर आत माणूस नसतानाही उभी राहते. आणि 'संध्याकाळी देते' म्हटल्यावर दुपारी विचारायला जाणारा माणूस परत येतो तो त्या पँटीपेक्षा ताठ होऊन.

दुकान म्हणजे एक उंच टेबल, त्यावर चार पदरी घोंगडी, वर पांढरी चादर, छताच्या हुकातून लोंबणारी वायर, तिच्या टोकाला वाफेची इस्त्री आणि मागे भिंतभर फळ्या. बसायला स्टूल ठेवलेलं नाही, कारण बसलं की माणूस गप्पा मारतो. मी उभ्या उभ्या जेवढ्या मारता येतील तेवढ्या मारतो. बातमीला इस्त्रीच्या दुकानासारखी जागा नाही. कुणाकडे पाहुणा मुक्काम ठोकून आहे, कुणाची नोकरी सुटून शर्ट यायचे बंद झालेत, कोण या वयात रोज नवा शर्ट घालायला लागलाय, सगळं त्या फळ्यांवर घडी घालून ठेवलेलं असतं. कडक स्वतः कुणाचं कुणाला सांगत नाही. ते काम मी बघतो.

तिचा नवरा शाळेत शिपाई. घंटा वाजवतो. त्या माणसाचा आवाज म्हणून जो काही आहे तो त्या घंटेतूनच बाहेर पडतो. घरी आला की चपला कोपऱ्यात, पेपर तोंडासमोर आणि 'हूं'. रस्ताभर त्याला 'बिचारा' म्हणतात. 'बिचारा' हा मोठा फसवा शब्द आहे. जो भांडत नाही तो ऐकून घेत असणार, असं लोक धरून चालतात. हा भांडतही नव्हता आणि ऐकतही नव्हता.

तर एक दिवस कॉलर दाबून झाल्यावर कडकने इस्त्री बंद केली आणि वाफेचा आवाज काही बंद होईना. फुस्स... फुस्स... फुस्स. तिने बटण पाहिलं. प्लग काढला. इस्त्री टेबलावर मेल्यासारखी पडलेली, आणि आवाज चालूच. मग तिच्या ध्यानात आलं की तो डाव्या कानात आहे, आणि मनगटावर बोट ठेवलं तर नाडीच्या ठोक्याला ठोका देतोय.

घरी जाऊन ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, माझा डावा कान वाजतोय."

घात झाला तो इथे. दुसरं काहीही म्हणाली असती तर चाललं असतं. कान दुखतोय म्हटलं तर लोक तेल घेऊन धावतात. फुटला म्हटलं तर दवाखान्यात नेतात. पण 'कान वाजतोय' म्हटलं की आपल्याकडे निकालच लागला. नसलेली हाक ऐकू आली की कान वाजतात, हे आपल्याला पाळण्यातच शिकवलेलं. बाईकडे तक्रारीला शब्द एकच होता, आणि त्याच शब्दाने ती खोटी ठरत होती.

बिचारा पेपरामागून म्हणाला, "कान तर माझे वाजायला हवेत. घंटा मी मारतो."

आयुष्यात त्याला सुचलेला हा पहिला विनोद. तो इतका खूश झाला की दुसऱ्या दिवशी शाळेत सांगितला, शाळेतून तो पोरांनी घरोघर नेला, आणि आठवडा संपायच्या आत दुकानात कपडे टाकायला येणारा प्रत्येक जण विचारू लागला, "काय कडकबाई, आज घंटा किती वाजता?" ती इस्त्री आपटायची. लोक हसायचे. आपटली की आणखी हसायचे.

मग नणंद आली. ही बाई भावाच्या घरी महिन्यातून एकदा येते आणि पुढच्या महिन्याला पुरेल एवढं बोलून जाते. म्हणाली, "वहिनी, दिवसभर तू गिऱ्हाइकांशी भांडतेस. घरी माझा भाऊ तर उलट बोलत नाही. मग भांडायला कुणी नको का? म्हणून तुझे कान वाजतात."

"वन्सं, तुमचं तोंड वाजतं तेव्हा मी कधी डॉक्टरकडे जा म्हटलं का?"

"बघ! बघ दादा, कशी अंगावर येते!"

दादा म्हणाला, "हूं."

घरात एकच माणूस असं होतं ज्याने 'तुझे कान वाजतात' म्हटलं नाही, ती म्हणजे सासू. पण तिचं कौतुक करायची घाई नको. तिला ऐकायला येत नाही, त्यामुळे तक्रारच तिच्यापर्यंत पोचली नव्हती.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी कानात बॅटरी मारली, मळ काढला, आणि खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "कान स्वच्छ आहे. तुम्ही जरा राग कमी करा. झोपेची गोळी देतो."

"झोप मला येते हो. हा आवाज झोपत नाही."

"तेच म्हणतोय मी. चिडचिड."

त्यानंतर डावा डोळा लाल झाला. डॉक्टर म्हणाले, डोळे आलेत, आणि थेंब लिहून दिले. आलेले डोळे चार-आठ दिवसांत जातात. हे आले ते बिऱ्हाड करून राहिले. लोक कपड्यांची पिशवी लांबूनच टेबलावर फेकू लागले, जणू ती नजरेने डोळे वाटत सुटली होती. मग तोच डोळा पुढे आला. आधी थोडा, मग चांगलाच. पांढऱ्या भागात लाल शिरा वेटोळ्या घालून बसलेल्या. आता ती कुणाकडे साधं बघायची तरी वटारून बघितल्यासारखं व्हायचं. पेन्शनीतले एक गृहस्थ सदरा मागायला आले. तिने नुसतं वर पाहिलं, तर ते काही न करता माफी मागून निघून गेले, सदरा न घेता. रस्त्यावर चर्चा एकच. कडक हल्ली फारच भडकलीय. राग डोळ्यांत उतरलाय. बिचाऱ्याचं कसं होत असेल!

मला विचाराल तर याचीच मला चीड येते. रागीट बाईला आजारी पडायची सोय नाही. मऊ बोलणाऱ्या, पदराने डोळे टिपणाऱ्या एखादीचा डोळा असा बाहेर आला असता तर चौघांनी उचलून हॉस्पिटलात नेली असती. हिचं डोकं दुखलं तर डोकं फिरलं, डोळा सुजला तर डोळे वटारले, कान वाजला तर कान वाजले. भाषेनेच तिला चारी बाजूंनी कोंडलं होतं, आणि कडी आम्ही लोकांनी बाहेरून घातली होती.

पुढे तिला एकाचे दोन दिसायला लागले. हे तिने कुणालाच सांगितलं नाही. सांगून काय होतं ते तिने पाहिलं होतं. एक डोळा मिटून काम करायची. लोक म्हणाले, आता डोळाही मारते वाटतं.

त्या दिवशी मी माझ्या शर्टाची वाट बघत उभा होतो. तो टेबलावरच होता. तेवढ्यात एक डॉक्टरीण तरातरा आली. रस्त्याच्या टोकाला राहते, मोठ्या हॉस्पिटलात मेंदूच्या विभागात आहे, आणि रागाच्या बाबतीत कडकच्या खालोखाल. तिने आपला पांढरा कोट टेबलावर आपटला.

"ही बाही बघा! दोन-दोन क्रीज! बाही आहे की रेल्वेचे रूळ?"

कडकने बाहीकडे पाहिलं. "दोन कुठे? मला चार दिसतायत."

"थट्टा करताय?"

"थट्टा करायला मी काय तुमची वहिनी आहे?"

"आणि असे डोळे वटारू नका माझ्यावर!"

"वटारत नाही मी!" कडक गरजली. "तो आपोआप वटारलाय! उजवा बघा, उजव्याने तुमचं काय वाकडं केलंय?"

डॉक्टरीण पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडून तशीच थांबली. आधी उजवा डोळा पाहिला, मग डावा. टेबलाला वळसा घालून आत गेली. त्या दुकानात टेबलापलीकडे गेलेलं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा पाहत होतो. अगदी जवळ तोंड नेऊन तिने त्या लाल शिरा पाहिल्या आणि हलक्या आवाजात विचारलं, "कान वाजतो का?"

झालं! मी दोन पावलं मागे सरलो.

"निघा!" कडकचा आवाज जिन्यावरून वरच्या मजल्यापर्यंत गेला. "निघा माझ्या दुकानातून! तुम्हीसुद्धा? शिकलेल्या बाई तुम्ही! घरात काय कमी आहेत हे म्हणणारे? नवरा म्हणतो, नणंद म्हणते, तो कोपऱ्यावरचा गोळ्या देतो, हा इथे उभा राहून दात काढतो..." हा म्हणजे मी. "वाजतात माझे कान! वेडी आहे मी! लिहा कोटावर आणि घाला!"

"मावशी," डॉक्टरीण तिच्याहून मोठ्याने ओरडली, "मी टोमणा मारत नाहीये! मी विचारतेय! वाजतो का? नाडीच्या ठोक्याला? वाफ सोडल्यासारखा?"

कडकचा हात जागीच थांबला. इस्त्री हातात, हात टेबलावर. करपल्याचा वास येऊ लागला. माझाच शर्ट होता. मी जळू दिला. अशा वेळी शर्टाचं काय घेऊन बसता?

"इस्त्री उभी करा आणि डोळा मिटा." डॉक्टरणीने पिशवीतून स्टेथोस्कोप काढला आणि त्याचं टोक अलगद त्या मिटल्या पापणीवर टेकवलं. "श्वास धरा."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. तो जाईपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "मला येतोय ऐकू."

"काय?"

"तुमचा आवाज. फुस्स, फुस्स. स्पष्ट."

मला वाटलं, बाई आता रडणार. छे! तिचा चेहरा असा काही तापला की नुसता फिरवला असता तर चादरीला इस्त्री झाली असती. "म्हणजे आहे," ती म्हणाली. "बाहेरच्या माणसाला ऐकू येण्याइतका आहे. आणि माझ्या शेजारी झोपणाऱ्याने एकदा कान लावून बघितला नाही!"

तपासण्या झाल्या. मांडीतून रंग सोडून डोक्याच्या शिरांचे फोटो काढले. डॉक्टरणीने घरच्यांना बसवून सांगितलं. मी ऐकलं ते असं. डोळ्याच्या मागे, मेंदूच्या आवरणात, परत जाणाऱ्या रक्ताचं एक तळं असतं. तिथे रक्त संथ असायला हवं. हिच्या आवरणातल्या बारीक धमन्यांनी थेट त्या तळ्यातच तोंडं खुपसली होती. हृदयाकडून जोरात येणारं रक्त मधली बारीक जाळी टाळून धाडकन आत पडत होतं. त्याचाच तो आवाज. तळं तुंबलं म्हणून डोळा लाल, तळं फुगलं म्हणून डोळा बाहेर. आणि आता काही रक्त उलटं फिरून मेंदूच्या शिरांकडे चाललं होतं.

"फुटली एखादी शीर, तर मेंदूत रक्तस्राव," डॉक्टरीण म्हणाली. "आणि डोळ्याची नजर रोज कमी होतेय. उद्या सकाळी करून टाकू."

"डोकं उघडणार?" नणंदेने छातीवर हात ठेवला.

"नाही. मांडीच्या शिरेतून केसासारखी नळी घालायची, ती आतल्या आत डोळ्यामागच्या तळ्यापर्यंत न्यायची आणि तिथे प्लॅटिनमच्या तारेच्या गुंडाळ्या भरून ते तोंड बुजवायचं."

"दुखणं डोक्यात आणि शिरणार मांडीतून?"

"पुढच्या दाराला गर्दी असली की मागच्या दाराने जातो ना आपण? तसं."

कडक इतका वेळ भिंतीकडे बघत होती. ती नवऱ्याकडे वळली. "ऐकलंत? प्लॅटिनम. तुम्ही जन्मात एक दागिना केला नाहीत. आता करताय तर तोही डोक्याच्या आत, कुणाला दिसू नये म्हणून."

नवरा म्हणाला, "हूं."

पुढचा सगळा घोटाळा त्या 'हूं'नेच केला असं माझं मत आहे.

त्याच दिवशी भेटीच्या वेळेत मी वॉर्डात गेलो. आजाऱ्याला भेटायला जातात तसाच; बातमीचा भाग वेगळा. कडक पलंगावर उशीला टेकून ताठ बसलेली. डॉक्टरीण शेवटचं तपासायला आली, तशी तिने विचारलं, "उद्या हा आवाज बंद होणार?"

"सगळं नीट झालं तर तिथल्या तिथे."

"मग तुमची ती नळी ठेवून जा. आज सगळ्यांनी ऐकायचा."

"कशाला, मावशी?"

"उद्या बंद झाला की म्हणतील, नव्हताच."

डॉक्टरणीने गळ्यातला स्टेथोस्कोप काढून नणंदेच्या हातात दिला. नणंदेने कानांत घातला, डॉक्टरणीने टोक पापणीवर धरलं, आणि बाई चटका बसल्यासारखी मागे उडाली.

"अगं बाई! हे काय गं! इंजिनच आहे!"

"आता बोला वन्सं, कोणाशी भांडायला मिळत नाही म्हणून हे इंजिन ठेवलंय मी?"

नणंदेला उत्तर सुचलं नाही. ही बातमी मी जपून ठेवली आहे, अजून वापरतो.

मग सासू. म्हातारीच्या कानांत नळ्या घातल्या. तिने डोळे मिटून पुष्कळ वेळ ऐकलं आणि मान हलवली. "मला काहीच येत नाही ऐकू."

नणंद हातवारे करून म्हणाली, "आई, तुला नाहीच येणार."

"तेच सांगतेय. तुम्ही तरी एवढी तोंडं हलवता, मला त्यातलं काय येतं? म्हणून तुम्ही बोलतच नाही असं म्हणते का मी?" म्हातारीने नळ्या काढून सुनेच्या मांडीवर ठेवल्या. "ती म्हणते आहे, तर आहे."

इतक्या दिवसांत कडकला तिच्या शब्दावर विश्वास ठेवणारं माणूस मिळालं ते हे. ठार बहिरं.

राहिला नवरा. तो पलंगाच्या पायाशी दांडी धरून उभा. "मला नको," तो म्हणाला. "डॉक्टरीणबाईंनी ऐकलं ना. माझा विश्वास आहे."

"कोणावर?"

"आता... तुझ्यावरच."

"आता! फोटो निघाल्यावर! तो विश्वास यंत्रावर आहे, माझ्यावर नाही. इकडे या."

"अगं, सगळ्यांसमोर..."

"सगळ्यांसमोर घंटेचा विनोद केलात तेव्हा लाज नाही वाटली?" तिचा आवाज शेजारच्या पलंगांपर्यंत गेला, तिकडचे पाहुणे बोलायचे थांबले. "तुम्ही ऐकल्याशिवाय मी उद्या आत जाणार नाही."

आता डॉक्टरणीचा पारा चढला. "मावशी, हा हट्ट सोडा! डोळा जाईल. मेंदूत रक्त उतरेल. भांडायला आधी जिवंत तर राहा!"

"जिवंत राहून जायचं कुठे मला? याच घरात ना?" कडक म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज फाटला. "तिथे उद्यापासून कुणालाच ऐकू येणार नाही. मलासुद्धा नाही. मग मी कशाच्या जोरावर सांगू की मी खोटं बोलत नव्हते?"

डॉक्टरीणही नवऱ्याकडे वळली. सगळे त्या माणसाकडे बघत होते. माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला की तो घाबरलाय कशाला. जोवर त्याने ऐकलं नव्हतं तोवर तो बिचारा होता, तापट बायकोचा सोशिक नवरा. त्याचं सगळं बिचारेपण त्या नळीच्या टोकाला लटकत होतं. आजवर जो पेपरामागे लपला, त्याला त्या वॉर्डात पेपरही मिळेना.

शेवटी तो आला. वाकला. डॉक्टरणीने नळ्या त्याच्या कानांत बसवल्या. त्याचं तोंड बायकोच्या तोंडाच्या इतकं जवळ गेलं की दोघांनाही बहुतेक त्याची सवय राहिली नसावी. तिने मान थोडी मागे घेतली. डोळा मिटला.

तो ऐकत राहिला. नणंद चटकन उडाली होती, हा हलेचना. थोड्या वेळाने त्याचं बोट पलंगाच्या दांडीवर आपोआप टक टक करू लागलं. ठोक्याला ठोका. अर्धा जन्म घंटा वाजवलेला माणूस, त्याच्या हाताला ताल कळला. डॉक्टरणीने बोटाकडे पाहिलं, मग उशाजवळच्या मॉनिटरवर उमटणाऱ्या ठोक्यांकडे.

"हा... थांबत नाही?" त्याने विचारलं.

"नाही."

"मी पेपर वाचत असतानाही?"

"तुम्ही पेपर वाचताना, जेवताना, घोरताना. बोला आता. काय होतंय?"

"वाजतोय."

"काय वाजतंय?"

त्याने नळ्या काढल्या. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. "कान," तो म्हणाला. "तुझा कान वाजतोय. खरोखरचा."

ती रडली नाही, त्याला माफही केलं नाही. "सही करा," म्हणाली आणि कुशीवर वळली.

दुसऱ्या दिवशी काम बराच वेळ चाललं. नवरा बाकावर बसून गुडघ्यावर तीच टक टक करत होता. नणंदेने ती दोनदा थांबवली, तरी पुन्हा सुरू. डॉक्टरीण शिशाचा जड कोट काढत बाहेर आली, घामाने चिंब, आणि म्हणाली, "बुजलं." कडक शुद्धीवर आली तेव्हा डोकं ठणकत होतं, ओकारी येत होती, पाय सरळ ठेवून निजायची शिक्षा होती. तिने कान देऊन ऐकलं. आत काही नव्हतं. मग डोळे उघडून म्हणाली, "अजून नवरे दोन दिसतायत." आणि थोड्या वेळाने, "दोघंही गप्प."

डोळा पांढरा व्हायला, जागच्या जागी जायला आणि दोनाचा एक नवरा व्हायला वेळ लागला, पण झालं. आता गंमत बघा. रस्त्यावरचे सगळे वाट बघत होते की रोग गेला, आता राग जाईल. बाई गोड होईल. नणंदेने तर विचारलंच, "वहिनी, आता शांत वाटत असेल ना?"

"हो. तुमचं बोलणं आता दोन्ही कानांनी ऐकू येतं. जास्तच राग येतो."

राग तिचा स्वतःचा होता हो! शीर बुजवली होती, बाई नव्हती बुजवली. उलट मी म्हणेन की आता रागाला नीट वाट मिळाली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचे शर्ट हल्ली दुसऱ्या रस्त्यावर जातात, आणि त्यांना पाहिलंत तर लगेच कळतं.

नवरा आता शाळा सुटली की दुकानात येतो. घड्या घालतो. तिने बोलावलेलं नाही आणि हाकललेलंही नाही.

परवा मी तिथेच होतो. एक जोडपं कपडे न्यायला आलं. बायको म्हणाली, "अहो, तुमचा फोन वाजतोय."

पुरुष खिसे न चाचपताच म्हणाला, "तुझे कान वाजतात."

आमच्या शिपायाने बांधत आणलेलं गाठोडं पुन्हा सोडलं. त्या माणसाची पँट बाहेर काढली आणि छातीशी धरली.

"आधी फोन बघा," तो म्हणाला.

"काय?"

"फोन बघा म्हणतो!" घंटेच्या टोलासारखा आवाज. जिन्यावरची माणसं थबकली. त्या घशात एवढा आवाज होता हे त्याच्या सख्ख्या बहिणीलाही माहीत नसेल. "न बघता कसं बोललात? आधी बघा, मग पँट मिळेल!"

गृहस्थाने घाबरून खिशात हात घातला. फोन वाजून वाजून नुकताच थांबला होता. त्याची बायको नुसती त्याच्याकडे बघत उभी राहिली.

कडकने इस्त्री उभी केली आणि नवऱ्याकडे डोळे वटारले. दोन्ही, अगदी सारखे.

"गिऱ्हाइकावर ओरडता? या दुकानात ओरडायचं काम माझं आहे. कळलं?"

त्याने पँट पुन्हा गाठोड्यात घातली, गाठ मारली आणि पुढचा शर्ट उचलला.

"ऐकलं," म्हणाला.